उशिराची गाडी

"शेड सुटल्यावर पहिल्या गाडीनं का येत नव्हते ते?" लिडियाबाईंनी पुन्हा विचारलं.

धुरपदा चुलीत काटक्या सारत राहिली. आत तिचा नवरा जालिंदर तापात बरळत होता. त्याच्या अंगभर देवी फुटल्या होत्या. रोज यवतहून पॅसेंजरनं तो दौंडच्या लोको शेडमध्ये कामाला जाई. रोगी सापडल्याचं कळताच शिरूरहून या नर्सबाई जीपनं आल्या होत्या. तो कुठं कुठं जातो, कुणात बसतो-उठतो, हे त्या कागदावर रेघांनी जोडत होत्या. देवीची साथ आणखी कुठं पोचली असेल, ते त्यावरून कळणार होतं. गाडीतले सोबती, शेडमधले कामगार, चहाचं दुकान, सगळं सापडलं. संध्याकाळचा पत्ता तेवढा लागेना.

"कामाचा माणूस. हुतो उशीर," सासू तुळजाबाई म्हणाली आणि तिनं सुनेकडं रोखून पाहिलं.

"आजी, मी कुणाची अब्रू काढायला आले नाही. तिथं लहान मूल असेल, तर आज टोचलं तर वाचेल. उद्याचं मी सांगू शकत नाही."

दौंडच्या बाजारात धुरपदानं एकदा लांबून पाहिलं होतं. जिच्याबद्दल लोक कुजबुजत त्या रतनबाईच्या कडेवर पोर, आणि पोराचं कपाळ थेट जालिंदरचं. घरी येऊन तिनं मुकाट्यानं भाकरी थापल्या होत्या. तिची स्वतःची कूस रिकामीच होती.

ती उठली. "चला. घर मी दावते."

"धुरपदे, खाली बस."

"त्येंच्यापाशी तुमी बसा, आत्याबाई. टोचलंय न्हवं तुमाला?"

दौंडला रेल्वे लाइनीमागच्या खोलीचं दार रतनबाईनं अर्धवट उघडलं. नर्सच्या हातातली पेटी दिसताच तिनं पोराला मागं ओढलं. "आमी न्हाई सुई लावू देनार," असं म्हणत ती दार लोटू लागली. धुरपदानं फटीत हात घातला आणि डोईवरचा पदर मागं सारला. तिचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता.

"मी जालिंदरची बायकू. बघ माझ्याकडं. ल्हानपनी मला आल्या, माझा भाऊ त्यातच गेला. आता ह्येंना आल्यात."

रतनबाईच्या हातून दार सुटलं. ती अशी कापू लागली, की तिला पोर धरवेना. शेवटी धुरपदानंच त्याला मांडीवर घेतलं आणि त्याचा दंड घट्ट धरून ठेवला.

"लई हायेत का?" रतनबाईनं खाली मान घालून विचारलं.

"लई हायेत."

"बघाया येऊ का?"

"नगं. पोर हाय तुझं."

पोराला नुसता ताप आला आणि उतरला. जालिंदर मात्र गेला.

लिडियाबाई पुन्हा आल्या तेव्हा धुरपदाचं कपाळ मोकळं होतं. भेटायला आलेल्या बायका उठून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, एक काम हुतं. दौंडला त्या घरी कुनी सांगाया जानार न्हाई. तुमी जाता का?"