गुलाबी पाणी

“काकू, रोज अकरा वाजता. एक दिवस बी खाडा झाला त पेशी जित्त्याच दिसतीन, पन पहिल्यासारख्या राहनार नाही.”

अकोल्याच्या गाडीत चढताना दीक्षा एवढंच सांगून गेली. कपाशीवर फवारणी करताना तिच्या भावाला, अनुपला, विषबाधा झाली होती; तो तिथल्याच दवाखान्यात होता. दीक्षा अमरावतीच्या ज्या कॉलेजात संशोधन करत होती, तिथे पार्बताबाई सोळा वर्षं प्रयोगशाळेत परिचर. पेशींच्या काचेच्या बश्या धुणं हे त्यांचं काम. पण पेशी ज्यात वाढतात ते गुलाबी पाणी बदलायलाही दीक्षानेच त्यांना शिकवलं होतं.

“या मूळ पेशीचं अजून काहीच ठरलं नाही, काकू. आत दोन प्रथिनं एकमेकांले धरून बसतात अन् कातडीचे, मज्जेचे जनुक दाबून ठेवतात. पकड सुटली का ते जनुक जागे होतात. मंग पेशी कातडी तरी होते, नाहीतर मज्जा. मागं येत नाही.”

“म्हंजे दोघी जावा भांडल्या का वाटन्या झाल्याच!”

तेव्हा दीक्षा पोट धरून हसली होती.

चौथ्या दिवशी तयार पाणी संपलं. पार्बताबाईंनी फोन लावला.

“फ्रीजरातली पिवळी बाटली काढून ठेवा. उद्या नव्या पाण्यात तिच्यातलं मिसळा लागते.”

“काय हाय तिच्यात?”

पलीकडे दवाखान्यातल्या यंत्राची टिकटिक चालू होती. “खोटं नाही सांगत, काकू. वासराच्या रक्तातलं असते ते. न जन्मलेल्या.”

“उद्या वसुबारस हाय, पोरी.”



“राहू द्या मंग. अभ्यासाचे चार वर्षं गेले त गेले.”

“अनुप कसा हाय?”

“डोळे नाही उघडले.”

“तू त्याच्याजवळ बस. पानी मी बदलवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पहाटेच अनुप गेला होता.  पार्बताबाईंनी पूजेचं ताट सुनेच्या हातात दिलं.

“संध्याकाळी गाय-वासराची पूजा तू कर. आज माह्या हातानं ती बाटली उघडाची हाय, कुकू नको.”

“आता कावून कॉलेजात जाता, आई? दीक्षाच्या घरात मयत झालेली. तिले कोठची पेशी आठवते?”

“तिले नसंल आठवत. मी हो म्हटलं हाय ना.”

शेजारच्या दारात गाय बांधलेली होती. वासराने मान पुढे केली. एरवी त्याच्या कपाळावरून हात फिरवल्याशिवाय पार्बताबाई पुढे जात नसत. आज त्यांनी दोन्ही हात पदरात घेतले आणि उपाशीपोटी कॉलेजच्या रस्त्याला लागल्या.