उसनी कीड

माझ्या सासऱ्यांना झाडाच्या पानावर कीड दिसली की अन्न गोड लागत नाही. हे मी कौतुकानेही सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. भिंतीवरचं चित्र तिरकं दिसलं की काहींना उठून ते सरळ करावंच लागतं, तसं त्यांचं आहे. आमचं काचघर त्यांनी उभं केलं, आयुष्यभर सांभाळलं. आत ढोबळी मिरचीच्या लांबच लांब ओळी, वर काचेचं छप्पर, आणि पंचक्रोशीत लौकिक असा की यांच्या काचघरात मुंगीसुद्धा परवानगी काढून येते.

ही परवानगी कोण देतं ते मला लग्न होऊन आल्यावर कळलं. पाठीवर अडकवायचा फवारणीचा पंप होता. कीड असो वा नसो, ठरल्या वारी बाबा औषध मारायचेच. मग त्यांचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीत वाजायला लागला तेव्हा डॉक्टरांनी पंपाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. बाबा म्हणाले, वय झालं. सासूबाई म्हणाल्या, वय झालं. आणि पंप माझ्या नवऱ्याच्या पाठीवर गेला. फवारणीच्या दिवशी तो लाल डोळ्यांनी घरी यायचा, डोकं धरून पडून राहायचा, अंघोळ केल्याशिवाय लेकीला जवळ घ्यायचा नाही. तो चहा पिताना मी त्याच्या कपाकडे चोरून बघायला लागले.

शेवटी मी विडा उचलला. एक हंगाम औषधाशिवाय काढायचा, पीक माझ्या जबाबदारीवर. जमलं तर पंप कायमचा खाली. नाही जमलं तर तो पुन्हा नवऱ्याच्या पाठीवर, आणि मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. मी तोंड उघडणार नाही हे ऐकल्यावर सासूबाई लगेच तयार झाल्या. बाबा हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

मिरचीचा खरा वैरी म्हणजे मावा. टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे किडे कोवळ्या शेंड्यांना चिकटून रस पितात, आणि माद्या नराची वाट न बघता पिल्लं घालत सुटतात. याला पुरून उरते ती एक काळी माशी, मुंगीहूनही बारीक. ती माव्याच्या अंगात अंडं घालते. अंड्यातली अळी माव्याला आतून खाते, मावा फुगून सोनेरी होतो आणि त्याला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. अशा माश्या विकणारं एक दुकान आहे. तिथून मी त्या मागवल्या आणि सोडल्या. पण मिरचीवर मावाच नसला तर माश्यांची पिल्लं वाढणार कशावर? म्हणून दाराजवळ गव्हाच्या कुंड्या ठेवल्या आणि त्यांच्यावर मुद्दाम मावा वाढवला. गव्हावरचा मावा मिरचीला तोंड लावत नाही, माशीला मात्र दोन्ही चालतात. नवरा त्या कुंड्यांना खानावळ म्हणायचा.

"म्हणजे मांजर टिकावी म्हणून दोन उंदीर पाळायचे," सासूबाई जेवताना म्हणाल्या.

"तसंच समजा, आई."

"माझ्या काचघरात मी कीड पाळू देणार नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, कीड पार संपवली की तिला खाणारेही उपाशी मरतात. मग बाहेरून कीड परत येते. ती येतेच, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि तेव्हा तिला खायला कोणी उरलेलं नसतं. कीड भराभर वाढते, खाणारे सावकाश वाढतात. म्हणून थोडी कायम राहू द्यायची."

"थोडी म्हणजे किती?"

"खाणाऱ्यांचं भागेल इतकी."

"हे काय माप झालं?" बाबा पुटपुटले आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायले.

अर्धा हंगाम दृष्ट लागावी असा गेला. पानं उलटली की कुठे चार मावे दिसायचे, त्यातले तीन सोनेरी. माझी फुशारकी इतकी वाढली की नवरा मला माशीबाई म्हणून हाक मारायला लागला. त्याचे डोळे पांढरेशुभ्र झाले होते. मी मनातल्या मनात पंप भंगारात घालून मोकळीही झाले होते.

मग बाबांच्या जुन्या सोबत्यांचा निरोप आला. पूर्वी एकत्र बी-बियाणं आणणारे, एकमेकांची पिकं बघत फिरणारे ते सगळे काचघर बघायला येणार होते. आदल्या दिवशी मी लेकीला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. परत आले तर फाटकातच वास आला. तो वास मी झोपेतही ओळखीन.

बाबा काचघराच्या दारात उभे होते, पंप पायाशी. गव्हाच्या कुंड्या स्वच्छ, निथळत होत्या.

"फक्त कुंड्यांवरच मारणार होतो," ते म्हणाले. "अगदी दारात होत्या. ते लोक आल्या आल्या आधी त्याच बघणार. मग पंपात औषध उरलं. वाया कशाला घालवायचं, म्हणून ओळींवरून हात फिरवला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "बाबा, मावा काय, तो पानाच्या खालच्या बाजूला कुठेतरी जगलाच असेल. माझ्या माश्या मात्र एकजात मेल्या असणार. तुम्ही माझा हंगाम मारलात." आणि मग जे बोलायला नको होतं तेही बोलले. "मुलाच्या पाठीवर पंप बघितल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही." बाबा घरात गेले. लेक माझा पदर ओढत होती, तिला मी विनाकारण ओरडले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. अजून हात तोच आहे बरं का, म्हणून त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. मी चहा दिला आणि हसले, कसं हसले ते माझं मला माहीत. बाबाही हसत होते, पण त्यांची नजर काही माझ्याकडे वळली नाही.

औषध बसल्याने त्या आठवड्यात तोडलेली मिरची टाकून द्यावी लागली. माश्यांच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं की औषधाचा अंश पानांवर आहे तोवर काही सोडू नका, सोडाल ते मरेल. थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आम्ही थांबलो, मावा थांबला नाही. आधी दाराकडच्या ओळींचे शेंडे वळले. मग पानं चिकट झाली आणि चिकट्यावर काळी बुरशी धरली. हात लावला की बोटं काळी व्हायची.

"कोबीवाल्याकडून आला असणार," बाबा म्हणाले. कोबीवाला म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी. त्याच्या बांधावर कमरेएवढं तण माजलेलं असतं आणि बाबांच्या मते जगातली सगळी कीड तिथेच जन्माला येते. कधीतरी रागाच्या भरात बाबांनी कुंपणावरून त्याच्या तणावर पंप चालवला होता, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. रस्त्यात समोरासमोर आले तर एकजण आभाळ बघतो आणि दुसरा स्वतःच्या चपला.

औषधाचा अंश संपल्याचा अंदाज आला त्या दिवशी मी पुन्हा दुकानदाराला फोन लावला. माश्या संपल्या होत्या. नव्या यायला महिना लागणार होता.

"महिन्याने इथे मिरची नसेल," नवरा म्हणाला. तो चिडला नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "उद्या सकाळी मी औषध मारतो. तू तुझ्या परीने सगळं केलंस." मी शब्द दिला होता, तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी भांडी घासायला उठले आणि नळापाशी उभी राहून रडले.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "त्या माश्या दुकानात कुठून येतात?"

"पैदास करतात."

"ते दुकान नव्हतं तेव्हा कुठे असायच्या?"

"बाहेरच, बाबा. जिथे मावा असेल तिथे. गवतात, तणात. जिथे कुणी औषध मारत नाही तिथे." मी त्यांच्याकडे न बघताच उत्तर दिलं. ते निघून गेले.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले, हातात बिस्किटांचा रिकामा डबा. ते कुंपणाच्या बाजूला वळले. वाटलं, पीक जातंय म्हणून शेजाऱ्याशी भांडण करून येणार. मी चपला अडकवल्या आणि मागोमाग गेले.

कोबीवाला बांधावर उभा होता. बाबांना बघून त्याने सवयीने आभाळाकडे पाहिलं.

"थोडा मावा हवा होता," बाबा म्हणाले.

कोबीवाल्याने आभाळ सोडलं. "काय हवं होतं?"

"मावा. आणि त्यातले काही सोनेरी झालेले असतील, फुगलेले. ते जास्त हवेत."

"माझी कीड तुझ्याकडे येते म्हणून तू इतकी वर्षं बोलला नाहीस."

"हो."

"आणि आता न्यायला आलास."

"हो," बाबा म्हणाले. "माझ्याकडची मी मारली. खाणाऱ्यांसकट मारली. सुनेचं पीक जातंय."

कोबीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग त्याने कुंपणाची तार खाली दाबून धरली आणि बाबा पाय उचलून पलीकडे गेले. "बघ बाबा काय सापडतं ते," तो म्हणाला. "मी काही मुद्दाम वाढवलेलं नाही. कंबर वाकत नाही म्हणून तण राहिलंय."

सापडलं. इतकं सापडलं की मला हसावं की रडावं कळेना. जंगली गवताच्या पात्यांवर मावा होता, काट्यांच्या रोपांवर मावा होता, आणि पानागणिक ते सोनेरी मणी. काहींना भोकं पडलेली, काही अजून बंद. मावा खाणारे लाल किडे तर फुकटात फिरत होते. आमच्या काचेपासून हाकेच्या अंतरावर हे सगळं इतकी वर्षं चाललं होतं, आणि आम्ही माश्या फोनवरून मागवत होतो.

बाबा कात्रीने पानं कापायला लागले, पण देठ कात्रीत येईना. हात थरथरत होता आणि पान हलत होतं. कोबीवाला बघत राहिला.

"कधीपासून हलतो?"

"वय झालं," बाबा म्हणाले.

"मी तुझ्याहून मोठा आहे," कोबीवाला म्हणाला आणि त्याने आपला हात पुढे धरला. मातीने भरलेला, बोटं वाकडी झालेला हात. तो हलत नव्हता. त्याने तो काही दाखवण्यासाठी धरला नसावा, कारण लगेच त्याने बाबांच्या हातातली कात्री घेतली आणि पानं कापून डब्यात टाकायला लागला. बाबा तिथेच गवतात बसले.

पुढे त्या हंगामात दाराकडच्या ओळी गेल्याच, आतल्या मात्र वाचल्या. पण त्या सकाळी हे कुणाला ठाऊक होतं? आमच्या हातात एक बिस्किटांचा डबा होता, आणि मला तर तो हास्यास्पदच वाटत होता.

आम्ही परतलो तेव्हा नवरा काचघराच्या दारात पंप पाठीवर घेऊन उभा होता. तोंडाला फडकं बांधलेलं. सासूबाई त्याला मागून पट्टा घट्ट करून देत होत्या.

"खाली ठेव तो," बाबा म्हणाले.

"बाबा, आता वेळ नाही राहिला. तुम्हीच तर नेहमी म्हणता, कीड दिसली की—"

बाबांनी डबा माझ्या हातात दिला आणि आपले दोन्ही हात मुलासमोर धरले. एरवी ते हात खिशात ठेवतात, नाहीतर पाठीमागे बांधतात. एवढ्या उजेडात, इतक्या जवळून मीही ते कधी पाहिले नव्हते.

"हे वयाने झालेलं नाही," ते म्हणाले.

सासूबाईंचा हात पट्ट्यावरच थांबला.

"पंप तुझ्या पाठीवर दिला, तेव्हाही मला ठाऊक होतं."

नवरा त्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने तोंडावरचं फडकं सोडलं, आणि सासूबाईंनी त्याच्या खांद्यावरून पट्टा उतरवला.