निळ्या शिक्क्याचा कागद

कडेवर दुधाच्या दातांची खूण. मधोमध खडूची रेघ. बोटभर आखूड एक पाय. निळ्या शिक्क्याचा कागद. शुक्रवार, दुपारी बारा.

यांचा एकमेकांशी काय संबंध, म्हणाल. संबंध मी आहे, मित्रांनो. मी म्हणजे एका शिंप्याच्या घरातलं चौकोनी टेबल. वय बरंच, आणि सध्या डोकं फिरलेलं.

सुताराने मला चार माणसांसाठी बनवलं. चार बाजू, चार खुर्च्या, विषय संपला. पण पाय कापताना त्याचं लक्ष शेजारच्या भांडणाकडे होतं. तेव्हापासून मी डुगडुगतो आणि बोलणी खातो. माझ्यावर जेवणं होतात, अभ्यास होतो, पँटी आखूड होतात. ‘काय भक्कम टेबल आहे!’ असं मात्र आजवर एकच माणूस म्हणाला. विकणारा.

घरात शिंपी, त्याची बायको, थोरली मुलगी आणि धाकटा. धाकटा चार वर्षांपूर्वी संस्थेतून दत्तक आला. पहिल्या दिवशी तो कोणाशी बोलला नाही, मला मात्र कडकडून चावला. ती खूण त्याची. लहान मूल आहे म्हणून मी सोडून दिलं.

मग एका सोमवारी संस्थेच्या बाईंचा फोन आला. तीन वर्षांची एक मुलगी आहे. बोलत नाही, चावते. घ्याल का?

“चावते म्हणजे दात नीट आलेत,” बायको म्हणाली.

“अगं, तीन महिन्यांत एक नवा कपडा शिवला नाही मी! लोक तयार कपडे आणतात आणि माझ्याकडून नुसत्या पँटी आखूड करून घेतात. दुधात पाणी घालतोय आपण.”

“अजून एक पेला पाणी घालू.”

“देव देईल, असंच ना?”

“धाकट्याच्या वेळी दिलं की नाही?”

“तेव्हा दुकान चालत होतं.”

“तेव्हाही तू हेच म्हणत होतास.”

शिंप्याची बहीण वरच्या मजल्यावर राहते. ती जिना उतरता उतरताच सुरू झाली, “दोघांचं भागवताना नाकी नऊ येतात आणि म्हणे तिसरी! घर आहे की धर्मशाळा?”

मंगळवारी संस्थेचा कागद आला. दोघांच्या सह्या करून शुक्रवारी बाराच्या आत द्यायचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या घराला विचारणार. बायकोने उभ्या उभ्या सही केली. शिंप्याने टेप काढला. कसलाही निर्णय घ्यायचा म्हटलं की या माणसाला आधी टेप लागतो! माझ्यावर खडूची रेघ मारून तो पुटपुटत राहिला, “माणसाला दोन फूट. मग पाचवं माणूस कुठे?” मी डुगडुगलो, टेप तीनदा घसरला. “हे टेबल जाळतो एक दिवस!” असं म्हणून त्याने हाताला लागलेला कागद उचलला, आठ घड्या घातल्या आणि माझ्या आखूड पायाखाली कोंबला. घड्या घालण्यात हयात गेलेली; हात चालतात, डोळे बघत नाहीत.

आयुष्यात पहिल्यांदा मी ताठ उभा राहिलो. पायाखाली निळा शिक्का.

गुरुवारी शोधाशोध झाली. कपाटं झाली, गाद्या झाल्या, पिठाचा डबासुद्धा झाला. एरवी मी डुगडुगून लक्ष तरी वेधतो. आता तेही बंद!

“तूच लपवलास,” बायको म्हणाली. “तुला नकोच होती ती.”

“मी? शपथ घेऊ का?”

“देवानेच नको म्हटलं, झालं,” बहीण म्हणाली.

बायको माझ्यापाशी बसली, मला धरून.

जेवायच्या वेळी नेहमीप्रमाणे सगळ्यांनी हात जोडले. थोरली नेहमीप्रमाणे एक डोळा उघडा ठेवून. धाकटा आपल्या दातांच्या खुणेवर बोट फिरवत म्हणाला, “तिला माझ्या शेजारी बसवा. मी सरकतो.”

शिंप्याने गळ्यातला टेप काढून ठेवला. “कागद नसला तर नसला. उद्या सकाळी आपण दोघं जाऊ. पोरगी आमची आहे, दुसरा कागद द्या, असं सांगू.”

“आणि दुकान?” हे आता बायकोने विचारलं!

“ते देवाने बघावं. मी मापं घेऊन थकलो.”

जेवण झाल्यावर तो कापड बेतायची जुनी फळी घेऊन आला, माझ्या कडेला जोडायला. मला एका बाजूने उचललं आणि आखूड पायाखालची घडी चिकटून वर आली, मग टपकन पडली. त्याने ती उलगडली. आधी थोरली हसली. मग बायको. शेवटी बहीणही, तोंडाला पदर लावून. त्याने तिथेच, माझ्यावर, सही केली. मी डुगडुगलो आणि सही वाकडी आली. शुक्रवारी बाईंनी ती तशीच चालवून घेतली.

तर मित्रांनो, डुगडुगत्या टेबलाला लाकडाचा तुकडा लावा, सुताराकडे फुकट मिळतो. कागद घालायचाच असेल तर आधी वाचा. फळीची कड सगळ्यांच्या कोपराला लागते, पाचवी खुर्ची अजून आलेली नाही, आणि स्टुलावरच्या तीन वर्षांच्या बाईसाहेबांनी माझी दुसरी कड कुरतडून ठेवली आहे. माझ्याकडे बघायला कोणाला वेळ आहे?

मला पहिल्यांदा या घरी आणलं तेव्हा मी दारातून मावत नव्हतो. शिंप्याने दाराची चौकट काढली होती.