हिची सँडल, चार मजले

बूटमास्तर जाऊन तेवीस दिवस झाले होते आणि त्याची बायको अजून रडली नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिला बरंच समजावलं. मोकळी हो, आत कोंडून ठेवू नकोस. जणू रडू म्हणजे फडताळातली बरणी, हात घातला की बाहेर. ती सगळ्यांना हो म्हणायची, चहा द्यायची आणि ते गेले की कप विसळून नवऱ्याच्या कान तुटलेल्या मोठ्या कपाशेजारी पालथे घालायची. दुःख होतं की नव्हतं तेच तिला धड कळत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असतो आणि नसतोही, तसं काहीसं अंगभर झालं होतं.

एकच गोष्ट मात्र कुरतडत होती. तिला नवऱ्याची चाल आठवत नव्हती. शेवटचे आठ महिने तो अंथरुणातून उठला नव्हता, त्यामुळे त्याची पावलं घरातून त्याच्याआधीच गेली. चेहऱ्याचे फोटो होते. पावलांचा फोटो कोण काढतो? आणि हा माणूस तर पावलांवरच जगला होता.

सिनेमात कुणी चालत जातं तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतात. एका बंद खोलीत पडद्याकडे बघत दुसराच कुणीतरी ती नंतर चालतो, रेतीच्या पेटीत, फरशीच्या तुकड्यावर, लाकडी फळीवर. बूटमास्तरने हेच काम पस्तीस वर्षं केलं. चोर चालला, न्यायाधीश चालला, घोड्यावरून उतरलेला सरदार चालला. बायकांचीही पावलं तोच चालायचा, कारण त्याचे पाय बेताचे होते आणि बायकोची सँडल त्याला बरोब्बर बसायची. त्या दिवशी ती घरात अडकून पडायची. "माझी सँडल कामाला गेलीये," असं ती शेजारणीला सांगायची आणि दोघी पोट धरून हसायच्या.

पूर्वी सिनेमाची कॅसेट बाजारात आली की तो एक विकत आणायचा, पाठीवरच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवायचा आणि त्यावर आपल्या अक्षरात लिहायचा. काळे बूट, रेती. रबरी चप्पल, ओली फरशी. सिनेमाचं नाव काय, हिरो कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. अशा चाळीसेक कॅसेट कपाटाच्या खालच्या कप्प्यात उभ्या होत्या.

होत्या म्हणायचं, कारण गेल्या आठवड्यात मुलाने कपाट आवरलं होतं. मुलगा कामसू, बापाच्या आजारपणात त्यानेच धावपळ केली आणि आताही थांबायला तयार नव्हता. औषधं परत कर, पलंग हलव, हे फेक, ते दे. ज्यांच्यावर सिनेमाचं नाव दिसत होतं त्या दोन-चार कॅसेट त्याने आठवण म्हणून ठेवल्या. पट्टीवाल्या सगळ्या खोक्यात भरल्या.

"आई, ही बाबांची कामाची रद्दी. बुटांबिटांची नावं आहेत नुसती. देऊन टाकू?"

"दे," ती म्हणाली होती. त्या आठवड्यात तिला कुणी घर देऊन टाकू का विचारलं असतं तरी ती हेच म्हणाली असती.

तेविसाव्या दिवशी दुपारी तिने मुलाला तो जिन्याचा सिनेमा लावायला सांगितला. त्यात नायिका रागाने चार मजले उतरते, गाणं नाही, संवाद नाही, नुसती पावलं.

"तो ना? नवीन आवृत्ती आलीये, एकदम चकाचक," म्हणत मुलाने मोबाइलवरून टीव्हीवर लावला सुद्धा.

चित्र खरंच सुंदर दिसत होतं. साडीचा काठ वेगळा उठून दिसत होता. नायिका दार आपटून निघाली आणि जिना उतरू लागली. टक, टक, टक, टक. एकसारखी, भरीव, निरोगी पावलं.

"हे नाहीत," ती म्हणाली.

"कोण नाहीत?"

"हे तुझे बाबा नाहीत. दुसरंच कुणीतरी चालतंय."

मुलाने पुन्हा लावून बघितलं. त्याला काही फरक कळेना. "आई, तोच सिनेमा आहे गं," तो हळू म्हणाला, आजारी माणसाशी बोलतात तसं.

"ते खोकं कुठाय?" तिने विचारलं. मुलाने खाली बघितलं, आणि मग दोघांनी चपला घातल्या.

जुन्या कॅसेटवाल्याचं दुकान तीन गल्ल्या सोडून होतं. आत एका वेळी दीड माणूस मावेल एवढी जागा, बाकी छतापर्यंत माल. दुकानदाराचा चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला होता. हवं तेव्हा तो डोळ्यांवर यायचा, पण हवं ते वाचून झालं तरी खाली जायचा नाही.

"पट्टीवालं खोकं? ते काय," त्याने बोट दाखवलं. "पण सकाळी एक जण दहा-बारा घेऊन गेला."

ती खाली बसली आणि एकेक काढून बघू लागली. लष्करी बूट, खडी. अनवाणी, माती. लाकडी खडावा, दगड. अक्षर ओळखीचं होतं आणि तरी तिला काही होत नव्हतं. खोकं संपलं. जिना नव्हताच.

"जिन्याची होती एक," ती म्हणाली.

दुकानदाराने मान वर केली. "ती विकायची नाही. ती मी ठेवलीय." गल्ल्यामागच्या फळीवरून त्याने ती काढली, पण हातातून सोडली नाही. "लोक म्हणतात, सगळं मोबाइलवर आहे, जुनं कशाला साठवतोस. अहो, नव्यात चित्र धुतात ते धुतात, वर आवाजही नव्याने बसवतात. मूळ फिती सडल्या म्हणे. म्हणजे जुना आवाज राहिला कुठे? असल्या डबड्यांत. याच्यात ती बाई जिना उतरते ना, ते ऐकून बघा. कोण चालायचा देव जाणे, पण माणूस चालायचा."

"पट्टीवर काय लिहिलंय?"

त्याने चष्मा सरळ केला. "हिची सँडल, चार मजले."

"ती मी," ती म्हणाली.

दुकानदाराने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे. त्याने कॅसेट कागदात गुंडाळून दिली. खोक्याकडे हात करून मुलाला म्हणाला, "तेही उचला राव. मला नका पाप लावू." सकाळच्या दहा-बारा मात्र त्यात नव्हत्या. त्या गेल्या त्या गेल्या.

व्हीसीआर घरातच होता. टीव्हीला उंची हवी म्हणून त्याच्या बुडाखाली ठेवला होता, म्हणूनच मुलाच्या तावडीतून सुटला. तारा जोडताना मुलाच्या नाकी नऊ आले. शेवटी पडद्यावर पावसासारखे ठिपके दिसले, मग फिकट, डळमळणारं चित्र.

"चालू झालं. मी चहा टाकतो," म्हणून तो आत गेला.

नायिकेने दार आपटलं. बूटमास्तरची बायको पडद्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. टक, टक-सर्र. टक, टक-सर्र. डावी टाच किंचित घासत होती. लहानपणी झाडावरून पडला तेव्हापासूनची ती डावी टाच. दर दोन पावलांनी सँडलचं सैल बक्कल किणकिणत होतं. आठवावं लागलंच नाही. बाजारातून येताना, रात्री पाणी प्यायला उठताना, मूल झालं तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळीकडे हाच चालला होता. तिला बरं वाटलं. नुसतं बरं, आणखी काही नाही.

दुसरा मजला उतरत असताना मुलगा ट्रे घेऊन बाहेर आला.

ट्रेमध्ये तीन कप होते. एक मोठा, कान तुटलेला, बिनसाखरेचा.

त्याने ट्रे स्टुलावर ठेवला आणि मग त्याचं स्वतःचंच लक्ष गेलं. स्वयंपाकघरातून त्याला चित्र दिसलं नव्हतं, नुसती चाल ऐकू आली होती. तो त्या कपाकडे बघत राहिला आणि मटकन खालीच बसला. तेवीस दिवस धावणारा तो पोरगा तोंडात बाही कोंबून हुंदके देऊ लागला.

तिच्या डोळ्यांत तेव्हाही पाणी नव्हतं. तिने फक्त त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"हळू रड," ती म्हणाली. "अजून दोन मजले आहेत."