देवळातली दिव्याची पेटी

"बाई, माणसां उलटी टांगली!"

सगळी शाळा खिदळली. पडदा म्हणून टांगलेल्या पांढऱ्या धोतरावर बर्फाचं एक घर वरून खाली लोंबकळत होतं आणि त्याच्या दारातली लोकरीच्या टोप्या घातलेली पोरं डोक्यावर उभी होती. सुशीलाबाईंनी जीभ चावली. चित्राची काच पेटीत उलटी घातली म्हणजे चित्र सुलटं पडतं, हे मुंबईच्या मंडळींनी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं होतं. पण घाईत हात आपल्याच वळणावर जायचा. त्यांनी काच काढली, पदराने पुसली आणि फिरवून घातली. बर्फातली पोरं पायांवर आली.

"आता कशी बरी दिसतत," तुळसा म्हणाली. ही परशुराम गावकरांची सहा वर्षांची नात. तिला गप्प बसवणारं माणूस कांदळवाडीत अजून जन्माला यायचं होतं.

कांदळवाडीच्या शाळेला तेव्हा इमारत नव्हती. रवळनाथाच्या देवळाचा सभामंडप हीच शाळा. वीज तर मालवणातही सगळीकडे पोचली नव्हती, इथे खाडीकाठी ती कुठून यायला? मुंबईतल्या गाववाल्यांनी जुन्या बाजारातून एक मॅजिक लँटर्न उचलला आणि काचेवरच्या चित्रांच्या डब्यासकट शाळेला पाठवून दिला. पत्र्याची पेटी, आत रॉकेलचा दिवा, पुढे भिंगाची नळी. शनिवारी दुपारी मोठी मुलं मंडपाच्या उघड्या बाजूंना माडाची झापं लावून अंधार करत. पोरं त्या यंत्राला दिव्याची पेटी म्हणत. ज्याने कोणी त्याला इंग्रजी नाव ठेवलं, त्याला एवढं साधं सुचलं नव्हतं.

पुढच्या चित्रात समुद्राकाठी लाकडी माच उभे होते आणि त्यांवर ओळीने मासे वाळत टाकले होते.

"हां तर आमचां सुक्यां!" मागून कोणीतरी ओरडलं.

"आपलं नव्हे, नॉर्वे देशाचं," बाई म्हणाल्या. "तिकडेही आई मासे वाळत घालते आणि मुलांना राखणीला बसवते."

"कावळे येतत थंय?"

"कावळे येतात, समुद्रपक्षीही येतात."

"मगे सारख्यांच झालां!" तुळसाने निकाल दिला आणि नॉर्वे देश कांदळवाडीच्या जवळ सरकला.

काचेच्या कडेवरचं देशाचं नाव वाचण्याइतकं बेताचंच इंग्रजी बाईंना येत होतं. चित्रांबरोबर गोष्टी आल्या नव्हत्या, त्या बाई स्वतः रचत. वाळवंटातल्या पोराचा उंट हरवायचा, जपानच्या पोरीची कागदाची छत्री वाऱ्यावर जायची, बर्फातल्या पोराला आजीची आठवण यायची. पोरं रडत, हसत, आणि उंट सापडला की टाळ्या पिटत.

त्या शनिवारी शेवटचं चित्र निघालं ते एका चर्चचं. बर्फ पडतंय, उंच टोकाचं छप्पर, दाराशी माना खाली घातलेली माणसं. "हे त्यांचं देऊळ," बाई म्हणाल्या. झालं! देऊळ म्हटल्यावर हात जोडायचे, हे त्या पोरांच्या हाडीमासी खिळलेलं. अख्ख्या शाळेने डोळे मिटून हात जोडले. धोतर टांगलं होतं दाराच्या बाजूला, त्यामुळे रवळनाथ राहिला पाठीमागे. ही गोष्ट ना पोरांच्या ध्यानात आली, ना बाईंच्या.

परशुराम गावकरांच्या मात्र आली. तुळसाने घरी जाऊन सगळं साग्रसंगीत करून दाखवलं, तोंड कुठे होतं आणि पाठ कुठे होती त्यासकट.

सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधीच गावकर मंडपात येऊन उभे राहिले. हे गावाचे पहिले मानकरी, देवापुढे गावाच्या वतीने मागणं मागायचा, म्हणजे गाऱ्हाणं घालायचा, मान त्यांचा. आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसाने मागे वळून पाहावं.

"गो सुशीला, ह्यां काय चलवलंस हंय?"

"काय झालं, भाईनू?"

"पोरांनी आमच्या देवाक पाठ केल्यानी आणि परक्या देवळाच्या पाया पडली! आणि ती खंय? ह्याच्याच मंडपात!"

"चुकलंय भाईनू," बाई शाळेचं मराठी विसरून म्हणाल्या. "धोतर त्या बाजूक बांधूक नको होतां. आता गाभाऱ्याच्या बाजूक बांधतंय."

"धोतर खंय बांधलंस तां मरांदे. परमुलूख बरो, थंय ह्यां आसा, थंय तां आसा, म्हणान सांगतंस. मोठी होवन ही पोरां हंय रवतली काय? आमचे झिल गेले ते गेलेच." तुळसाचा बाप बाळा, गावकरांचा एकुलता एक मुलगा, बोटीवर होता आणि दोन पावसाळे घरी आला नव्हता. "आज सांजेक कौल लावतलो. देव नको म्हणालो तर पेटी मुंबैक परत."

ते गेल्यावर बाईंनी पाढे म्हणायला लावले. त्यांचं पाढ्यांत लक्ष नव्हतं. एकोणतिसाच्या पाढ्यात मुलं घसरली तरी त्यांना कळलं नाही.

पेटी गेली तर शाळा काही बंद पडत नव्हती. धुळाक्षरं, बेरजा, कविता, सगळं होतंच की. पण सुशीलाबाईंना ती पेटी हवी होती, आणि ती का हवी होती हे सांगायचं तर भिकाजीचं सांगायला हवं.

भिकाजी त्यांचा नवरा. कांदळवाडीचाच, मालाच्या बोटीवर खलाशी. लग्नानंतर थोडी वर्षं गेली आणि बोट नॉर्वेच्या एका बंदरात दुरुस्तीला अडकली असताना त्याला न्युमोनिया झाला. तिथल्या इस्पितळात त्याने प्राण सोडला. बोटीवरचा सोबती हरिश्चंद्र पलीकडच्याच वाडीतला. तो रोज त्याला बघायला जात असे. परत आल्यावर वेंगुर्ल्याला बाईंच्या माहेरी जाऊन त्याने सगळं सांगितलं. शेजारच्या खाटेवर एका म्हातारीचा मुलगा होता. भिकाजीजवळ कोणी नाही हे बघून त्या म्हातारीने आपलं स्टूल दोन खाटांच्या मधोमध ओढून घेतलं. एका हाताने मुलाला भरवायची, दुसऱ्या हाताने भिकाजीला. "पेजेसारख्या कायतरी होतां," हरिश्चंद्र म्हणाला होता. भाषा एकमेकांची कळत नव्हती. तरी भिकाजी मालवणीत बोलायचा आणि ती तिच्या बोलीत उत्तर द्यायची. गेला तेव्हा त्याचे डोळे तिनेच मिटले.

बाई खूप रडल्या आणि मग फायनलची परीक्षा देऊन मास्तरीण झाल्या. नवऱ्याच्या गावाने त्यांना परकं मानलं नाही. घर दिलं, शाळा दिली, आपली पोरं त्यांच्या ओटीत घातली. त्या गावाचे उपकार त्यांना रोज पोरांच्या रूपाने फेडता येत होते. त्या म्हातारीचे कुठे जाऊन फेडायचे? धोतरावर नॉर्वेचं चित्र पडलं की बाईंना वाटे, यातल्या एखाद्या दारामागे ती असेल. पोरांनी त्या दाराकडे बघून हसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

संध्याकाळी देवळात गाव जमला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. मंडपाच्या कोपऱ्यात पेटी ठेवली होती, जणू काही तीच आरोपी. शंकर गुरव ताटलीत फुलांचे कळे भिजवून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसला होता. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना कळे चिकटवायचे. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. त्यापुढे कोणाचं काही चालत नसे, मानकऱ्याचंही.

"सुशीला, तुका काय सांगूचां आसा तर आताच सांग," गावकर म्हणाले. माणूस कडक असला तरी न्यायाचा होता.

बायकांत कुजबूज झाली. देवळातल्या बैठकीत बाईमाणसाने बोलायची रीत नव्हती. सुशीलाबाई उठून खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"हे थंय आजारी पडले तेव्हा माझो हात तेंच्या कपाळाक लागूक नाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचो लागलो. एका म्हातारीन तेंका पेज भरवल्यान. डोळे मिटल्यान. तिचां तोंड मी बघूक नाय. नाव नाय ठावक, गाव नाय ठावक. तिचे उपकार मी कशे फेडू? म्हणान पोरांका सांगतंय, थंय पण माणसां आसत, आपल्यासारखी. माका दुसरां काय येणां नाय."

हरिश्चंद्राने सांगितलेली हकीगत गावाला अर्धीमुर्धी ठाऊक होती, पण ती सुशीलाबाईंच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती.

"आणि तुझी पेटी बघून पोरां बोटीर गेली तर?" गावकरांनी विचारलं. आवाज आता सकाळचा नव्हता.

"जातलीच ती, भाईनू. तुमचो बाळा गेलो तेव्हा माझी पेटी खंय होती?"

गावकर गाभाऱ्याकडे वळले, त्यांनी उपरणं सारखं केलं आणि हात जोडले. कौलाआधी गाऱ्हाणं घालायचंच. मानकऱ्याने मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्या गावाने होकार द्यायचा.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्यातली चूकभूल पोटात घाल. गावातल्या पोराबाळांक सांभाळ."

"व्हय म्हाराजा!"

"जी मुंबैक पोटासाठी गेली आसत, तेंका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"जे बोटीर आसत, दर्यात आसत, परमुलखात आसत…"

इथे दरवेळी गावकरांचा आवाज अडके. बाळाचं नाव ते घेत नसत, पण तेवढा श्वास त्याच्यासाठी असे, हे गावाला ठाऊक होतं. त्या थांबण्यात तुळसाचा किनरा आवाज घुसला.

"आणि बर्फातल्या पोरांक!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव गरजला.

पिढ्यान्‌पिढ्यांची सवय ती. मागणं संपलं की होकार द्यायचा, मागणारा कोण हे बघायला सवड कोणाला? आवाज छपराला लागून खाली आल्यावर माणसांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. एक म्हातारा खुदकन हसला. तुळसाच्या आईने तिच्या तोंडावर हात दाबला, पण आता काय उपयोग?

शंकर गुरव ओले कळे हातात धरून तसाच बसला होता. "भाईनू, लावू?"

गावकरांनी देवाकडे पाहिलं, मग गावाकडे.

"कित्याक लावतंस? गाव देवासमोर बर्फातल्या पोरांक व्हय म्हणान मोकळो झालो. आता परत विचारून देवाक लाज आणतंस?" मग बायकांच्या बाजूला बघून ते म्हणाले, "पेटी रवांदे. पण धोतर गाभाऱ्याच्याच बाजूक बांध गो. देवाक पाठ नको."

कोणीतरी उठायला लागलं, तसा गावकरांनी हात वर केला.

"बसा. गाऱ्हाणां पुरां जावक नाय."

त्यांनी पुन्हा देवाकडे तोंड केलं. नेहमीचे शब्द तोंडपाठ असलेला हा माणूस आता एकेक शब्द शोधून काढत होता.

"बा म्हाराजा… जी कोण म्हातारी परमुलखात आमच्या भिकाजीच्या उशाकडे बसली. तेका परको मानूक नाय. तिचां नाव आमका ठावक नाय. तुका ठावक नसात तर थंयच्या देवाक विचारून घे. ती जीती आसात तर तिका बरी ठेव. तिच्या झिलाक बरो ठेव. ह्या गावान तिची आठवण ठेवलेली आसा, इतक्यां तिका कळांदे."

"व्हय म्हाराजा!"

ह्या वेळी गाव समजून उमजून बोलला. बायकांच्या बाजूचा आवाज जरा मोठा होता. सुशीलाबाईंना मात्र तो शब्द सगळ्यांबरोबर म्हणता आला नाही. त्यांनी खांब सोडला, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. मंडप गप्प झाल्यावर त्यांचा एकटीचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

परशुराम गावकर तेवढं ऐकायला थांबले होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि ते गाऱ्हाण्यातल्या पुढच्या मागण्यावर, गुराढोरांवर आले.