स्वयंपाकघरातली पोर्तुगीज

सुमंगला परब लिस्बनला शिकायला गेली त्या सकाळी तिचे वडील घरी नव्हते. भिकाजी परब पहाटेच उठून काजूच्या बागेत गेले होते. काजूचा हंगाम केव्हाच संपला होता आणि सप्टेंबरात बागेत करण्यासारखं काही नसतं, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. आई यशोदानं मुलीच्या हातावर दही घातलं आणि एवढंच म्हणाली, "तू जा गो. त्यांचा मी बघतंय."

हळर्णच्या भिकाजींना गावात मान होता. पंचावन्न साली, गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, पेडण्यात तिरंगा लावताना ते पकडले गेले होते. पोलीस चौकीत त्यांच्या तळहातावर लाकडी फळीनं मारलं होतं, आणि तेव्हापासून उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. जेवताना घास तीन बोटांनीच घ्यावा लागे. शाळेत असताना ते पोर्तुगीज शिकले होते, पण सुटून आल्यावर त्या भाषेतला एक शब्दही त्यांनी मुद्दाम तोंडातून काढला नव्हता.

आणि त्यांचीच मुलगी ती भाषा शिकायला निघाली होती, तेही पोर्तुगीजांच्याच देशात जाऊन.

तसं बघितलं तर गोष्ट साधी होती. सुमंगला पदवी घेऊन पणजीच्या एका सरकारी कचेरीत तात्पुरत्या नोकरीला लागली होती. तिथं जमिनींची जुनी कागदपत्रं होती आणि ती सगळी पोर्तुगीजमध्ये. वाचणारा एकच म्हातारा भाषांतरकार उरला होता, त्याचीही निवृत्ती जवळ आली होती. साहेबांनी तिला शिष्यवृत्तीबद्दल सांगितलं. वर्षभराचा अभ्यासक्रम, परत आल्यावर नोकरी पक्की. एरवी चार माणसांत बोलायची वेळ आली की आईच्या पाठीमागे जाणाऱ्या सुमंगलानं अर्ज केला कसा, याचं घरच्यांना नवल वाटलं. तिलाही वाटलं.

"ज्यांनी आमका मारल्यानी, त्यांच्या दारात माझा चेडू विद्या मागूक जातला?" भिकाजी म्हणाले होते.

"बाबा, नोकरी पक्की होतली."

"नोकरी हंय नाय मिळूची?"

यावर सुमंगलानं मान खाली घातली होती. पण अर्ज मागे घेतला नव्हता.

लिस्बनला विद्यापीठानं तिची सोय एका विधवा बाईकडे लावून दिली होती. देल्फिना नाव. साठीपुढची, बुटकी, कायम काळ्या कपड्यांत. जुन्या वस्तीत चढावर घर, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. नवरा बंदरावर हमाली करायचा, तो वारला होता. एकुलता मुलगा अबिलिओ फ्रान्समध्ये बांधकामावर गवंडी होता. खोलीचं भाडं विद्यापीठ परस्पर देत असे, त्यामुळे त्या विषयावर दोघींना कधी बोलावं लागलं नाही. तसंही सुरुवातीला दोघींना कुठल्याच विषयावर बोलता येत नव्हतं.

वर्गात तर त्याहून वाईट. पणजीच्या म्हाताऱ्या भाषांतरकाराकडून व्याकरण घोटून गेल्यामुळे लेखी परीक्षेत सुमंगलाला चांगले गुण पडले आणि तिला वरच्या वर्गात घातलं. वर्गात दोन जर्मन, एक जपानी, एक सेनेगलची मुलगी. सगळे चुकत चुकत का होईना, बोलत. सुमंगलाच्या मनात वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. महिना झाला, दोन झाले. प्राध्यापिका बाई चांगल्या होत्या, पण त्यांनी एकदा तिला थांबवून सांगितलं, "असंच चाललं तर मला तुम्हाला खालच्या वर्गात पाठवावं लागेल."

त्या संध्याकाळी ती खोलीत न जाता स्वयंपाकघरात बसली. खोलीत थंडी होती, एवढंच कारण. देल्फिना चुलीशी होती. तिनं मान न वळवता काहीतरी सांगितलं, आणि सुमंगलानं उठून खिडकी लावली. लावल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला कळलं. 'जनेल' म्हणाली होती बाई. घरी आई रोज संध्याकाळी हेच सांगायची, जनेल लाव, डास येतत.

मग तिनं टेबलावर हात ठेवून विचारलं, "मेज?" देल्फिनानं मान डोलावली. खुर्चीला घरच्या 'कदेल'च्या जवळचाच शब्द निघाला. चमचा म्हणजे कुलेर. टॉवेल म्हणजे तुवालो, जरासा वेगळा उच्चार. देल्फिनाला वाटलं पोरगी बोलायला शिकतेय, आणि ती एकेक भांडं उचलून दाखवू लागली. ज्या घरात ही भाषा बंद होती, त्या घरातून आपण हे शब्द घेऊन आलोय, या विचारानं सुमंगलाला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

तेव्हापासून ती संध्याकाळी स्वयंपाकघरातच बसे. देल्फिना तव्यावर तारले मासे भाजायची. वास थेट पेडण्याच्या बाजाराचा, फक्त त्यांना मसाला नसे, नुसतं जाडं मीठ. डुकराच्या मांसाला सुमंगला हात लावत नाही म्हटल्यावर देल्फिनानं आधी तिला आजारी समजून सूप पाजलं, आणि तिच्या घरात ते चालतच नाही हे खरं कारण कळल्यावर सगळ्या आळीत सांगून आली. आळीतल्या बायका मग येता-जाता थांबून विचारत, खरंच नाही खात? सुमंगलाला उत्तर द्यावंच लागे. पुस्तकातलं वाक्य तयार होईपर्यंत बायका थांबत नसत. ती मिळेल त्या शब्दांत बोलू लागली.

एकदा देल्फिनानं औषधाची बाटली तिच्यापुढे ठेवली. "हे बघ तर, जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

"इथं लिहिलंय," सुमंगला म्हणाली आणि बोट ठेवलं.

"लिहिलं असेल. मला वाचता येत नाही."

सुमंगलाला वाटलं आपलीच ऐकण्यात चूक झाली. तिनं पुन्हा विचारलं.

"शाळा होती, पण डोंगराच्या पलीकडच्या गावात. आम्ही सहा भावंडं. मी सात वर्षांची असताना दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे गेले. तुला काय वाटलं, पोर्तुगालमध्ये सगळे डॉक्टर असतात?"

खरं तर सुमंगलाला तसंच काहीसं वाटत आलं होतं. बाबांच्या बोलण्यातले पोर्तुगीज म्हणजे चौकीतला साहेब, कचेरीतला अधिकारी, गोरा, टोपीवाला, सही करणारा. त्यांच्या देशात सही न येणारी म्हातारी असेल, ही गोष्ट तिनं कधी मनात आणली नव्हती. तिनं औषध वाचून दाखवलं. मग विजेचं बिल आणि दारावर चिकटवलेली नगरपालिकेची नोटीसही वाचली. एकदा तिनं हौसेनं पाटीपेन्सिल आणून अक्षरं शिकवायला घेतली. दोन संध्याकाळी देल्फिना बसली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला कंटाळा येतो. तू वाच, मी तारले भाजते." सुमंगलाला ते लागलं, पण तिनं पाटी उचलून ठेवली.

जानेवारीत वर्गात एक उतारा वाचायला आला. देशाच्या अलीकडच्या इतिहासावरचा, पाठ्यपुस्तकातलाच. वाचण्याची पाळी सुमंगलाची. तिसऱ्या ओळीत एकसष्ट सालचा उल्लेख होता, 'गोव्यावरील आक्रमण'. ती तिथं थांबली.

प्राध्यापिका बाईंना वाटलं उच्चार अडला. त्यांनी शब्द हळू म्हणून दाखवला.

"शब्द येतो मला," सुमंगला म्हणाली. "पण आमच्या घरात हा शब्द नाही."

"मग कोणता आहे?"

"मुक्ती."

बाईंनी पुस्तक मिटलं. "सांगा," त्या म्हणाल्या.

सुमंगला कधी उभी राहिली हे तिला नंतर आठवेना. तिनं बाबांचं सांगितलं. झेंडा, चौकी, फळी, दोन बोटं. क्रियापदं सगळी चुकत होती. शब्द अडला की ती देल्फिनाच्या स्वयंपाकघरातला जवळचा शब्द उचलून वापरत होती. ज्या पाटावर मासे कापतात त्याचा शब्द तिनं पोलिसांच्या फळीला वापरला. कोणी हसलं नाही. सांगून झाल्यावर ती खाली बसली.

बाईंनी मिटलेलं पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "उतारा पुस्तकात तसाच राहील, तो मी लिहिलेला नाही. पण तुम्ही आता बोललात ते उद्या लिहून आणा, आपण वर्गात वाचू." आणि जाता जाता, "तुम्ही बोलता ती भाषा माझ्या आजीची आहे. गावाकडची. कुणाकडून शिकलात?"

घरी येऊन सुमंगलानं देल्फिनाला सगळं सांगितलं. तोवर तिनं बाबांचा विषय त्या घरात काढला नव्हता. काढला तर जेवण तोंडाला कडू होईल अशी तिला भीती होती. देल्फिना ऐकत राहिली. कोबीची पानं चिरत होती, ती चिरून संपवली आणि हात पुसून समोर बसली.

"माझा अबिलिओ फ्रान्सला कसा गेला, ठाऊक आहे तुला?"

"कामासाठी."

"चालत गेला. एकोणीस वर्षांचा. सैन्यात घालून आफ्रिकेत लढायला पाठवणार होते. डोंगरातून स्पेन, तिथून पुढं. मग पोलीस माझ्या नवऱ्याला घेऊन गेले, मुलगा कुठाय म्हणून. तीन आठवड्यांनी सोडलं. कुठं मारलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण मरेपर्यंत तो उताणा झोपला नाही, बसून झोपायचा." ती उठली आणि भांड्यात पाणी ओतलं. "तेच सरकार होतं, पोरी. तुझ्या बापाला मारलं तेच."

सुमंगला उठून तिच्याजवळ गेली. तिनं कोबी उचलून दिला.

जूनमध्ये परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत तिला सगळ्यांत जास्त गुण मिळाले, लेखीत मधले. निघताना देल्फिनानं तिच्या पिशवीत सुक्या चेस्टनटची पुरचुंडी घातली आणि पुन्हा येशील असं काही न म्हणता दार लावून घेतलं.

हळर्णला आल्यावर आठवडाभर माणसं भेटायला येत होती. "तिकडे पांव आमच्यासारखोच असता?" शेजारच्या चंद्रावतीकाकूनं विचारलं. "आणि तुका भय दिसूक नाय?"

"दिसला. मगे गेला," सुमंगला म्हणाली आणि पांवाबद्दल नीट समजावून सांगू लागली. यशोदा स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली. एरवी अशा वेळी चहा द्यायच्या निमित्तानं आत पळणारी मुलगी मधोमध बसून बोलत होती.

भिकाजी मात्र तिकडचं काही विचारत नव्हते. खुशाली विचारली, बारीक झालंस म्हणाले, आणि लावणीच्या कामाला लागले. सुमंगला पणजीला रुजू झाली. सकाळी पेडण्याहून म्हापशाची बस, तिथून दुसरी. एक दिवस ती संध्याकाळी परतली तेव्हा भिकाजी पडवीत एकटेच बसले होते. लावणी संपली होती. पाय धुऊन ती त्यांच्याजवळ बसली आणि तिनं आपणहून देल्फिनाचं सांगायला घेतलं. मेंढ्या, औषधाची बाटली, अबिलिओ, बसून झोपणारा नवरा.

भिकाजी तिच्याकडे वळले.

"म्हणजे तिका वाचूक येय नव्हता?"

"नाय."

"पोर्तुगीज असान?"

"पोर्तुगीज असान."

ते आपल्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "बाई बरी असतली. तिणा काय माका मारूक नाय. पण मी तेंका माफ करूक बसलंय नाय हां, सुमा."

वर्षापूर्वी असतं तर सुमंगलानं मान खाली घालून 'हो' म्हटलं असतं, आणि आत जाऊन रडली असती. आता तिला तसं काही वाटलं नाही. बाबांचा राग त्यांचा होता, तो त्यांनी मिळवलेला होता. त्यातून त्यांना बाहेर काढणं हे तिचं काम नव्हतं.

"करू नकात," ती म्हणाली. "मी तुमका माफ करा म्हणूक नाय. बाई कशी होती ता सांगतंय."

भिकाजींनी मान हलवली. पडवीच्या टोकाला कुत्रं येऊन बसलं. आतून कढी उकळल्याचा वास आला.

"तिच्या गावाक भात पिकता?" त्यांनी विचारलं.

"भात नाय. थंडी खूप. राय म्हणून एक धान्य असता, त्याचो काळो पांव करतत. आणि चेस्टनटची झाडां. फणसाच्या घोट्यांसारख्यो बियो, भाजून खातत."

"जमीन कोणाची?"

"भाटकाराची. तो लिस्बनात रवायचो."

"अर्धेलीन? अर्धा पीक तेका?"

"अर्धेलीन. वर खताचे पैसे ह्येंचेच."

"हां," भिकाजी म्हणाले. जणू आता कुठे त्या देशाबद्दल काही खरं ऐकायला मिळालं होतं. मग मेंढ्या किती, पाणी कुठलं, नांगराला बैल की गाढव, एकामागून एक प्रश्न. सुमंगलाला जमेल तेवढं ती सांगत गेली. आतून यशोदानं जेवायला दोनदा हाक मारली.

"आणि ती राय मळतत कशी? बैल फिरवन काय झोडपून?"

"ता माका ठावक नाय, बाबा."

"वरसभर रवलंस आणि एवढा विचारूक नाय?" ते उठले आणि पंचा खांद्यावर टाकला. "विचारून घे तिका."