दोनशे बारा नळ

मी सांख्यिकी कार्यालयात चौतीस वर्षं काढली. एवढ्या काळात जिल्ह्यातल्या शेळ्या मोजल्या, विहिरी मोजल्या, पंप मोजले आणि सगळे आकडे छापून कपाटात ठेवले. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. ती कधी कोणी मागितली नाही. त्यामुळे नव्या जनगणनेचे आकडे गावोगाव न्यायचे, लोकांना समजावून सांगायचे आणि हे काम यज्ञेश्वर पांढरीपांडे करतील, असं साहेबांनी माझ्याकडे पाहत बैठकीत जाहीर केलं तेव्हा मला हसू दाबावं लागलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. पद्मजाने एकच प्रश्न विचारला, "कोणी मागितलेत?"

मोहिमेचं नाव 'आकडे आपल्या दारी'. तिचे दोन भाग होते. एक वेबसाइट, जिच्यात मोबाइलवर गावाचं नाव टाकलं की सगळी माहिती दिसायची. दोन महिन्यांत ती एकतीस वेळा उघडली गेली आणि त्यांतल्या बावीस वेळा मीच उघडली होती. दुसरा भाग भिंतीचा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेंटरकडून तक्ता रंगवून घ्यायचा, ग्रामसभेत वाचून दाखवायचा, फोटो काढायचा. एका गावात मी अर्धा तास तक्ता समजावला. सगळं शांतपणे ऐकून एका म्हाताऱ्याने विचारलं, "याच्यात सोयाबीनचा भाव कोंचा जी?"

असा फिरत फिरत मी पुसद तालुक्यातल्या टेंभरटेकला पोचलो. नावाप्रमाणे गाव टेकावर. सरपंच मारोतराव साठीचे, कापूस-तुरीची बऱ्यापैकी शेती असलेले. त्यांनी मला हाताला धरून भिंतीसमोर उभं केलं. पेंटर शेवटची ओळ संपवत होता. एकूण घरं दोनशे बारा. घरात नळाचं पाणी असलेली घरं दोनशे बारा. स्वच्छतागृह दोनशे बारा. गॅस दोनशे बारा.

मी खूश झालो. जिल्ह्यात असं गाव आहे आणि आपल्याला माहीत नाही, याची थोडी खंतही वाटली. तेवढ्यात समोरच्याच घरातून मारोतरावांच्या पत्नी मैनाबाई चहा घेऊन आल्या. चहा कपभर होता आणि सोबतच्या ग्लासात पाणी मात्र अर्धं होतं. मी मान वळवून पाहिलं तर उतारावरून बाया रांगेने वर चढत होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एकावर एक दोन हंडे, इकडच्या भाषेत गुंड, पाण्याने काठोकाठ भरलेले.

"मारोतराव," मी म्हणालो, "नळ आहेत ना?"

"हायेत ना जी. पाहा की."

खरंच होते. प्रत्येक अंगणात एक तोटी उभी होती. आठ वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेत पाइप आले, तोट्या आल्या, टाकीही झाली. पाणी तेवढं टाकीपर्यंत कधी चढलं नाही. तोट्यांवर आता चिंध्या वाळत होत्या आणि एका तोटीला बकरी बांधलेली होती.

"मग मोजणीच्या वेळी पाणी येतं असं कोणी सांगितलं?"

मारोतरावांनी पेंटरकडे पाहिलं, मला बाजूला नेलं आणि आवाज खाली आणला. "कसं हाय साहेब, आमच्या गावात परका मानूस कवा येते? कोनाले पोरगी द्याची असली तवा. पाव्हने डायरेक येतच नाई. आंधी कोनाले तरी पाठवते. मंग थो घरोघरी हिंडते आन् इचारते, घर पक्कं हाय का, नळ हाय का, संडास हाय का, गाडी कोनती, घरात मानसं किती, जोडपे किती. आन् त्या मोजनीवाल्या शाल्मली मॅडमनं बी हेच इचारलं. वळीनं!"

शाल्मली मॅडम पुसदच्या एका शाळेतल्या शिक्षिका. मी त्यांना ओळखत होतो. त्यांनी जनगणनेचं ओळखपत्र गळ्यात घातल्याशिवाय उंबरा ओलांडला नसता.

"त्यांनी सांगितलं नाही, जनगणनेच्या आहेत म्हणून?"

"सांगतलं ना. पन थे तं सारेच काही ना काही सांगते. त्याच्या आंधी एक जन इमा काढाले आलो म्हने, आन् निंघाला पोरीचा मामा. मंग पह्यल्या घरानं सांगतलं, नळाले दोन टाइम पानी येते. आता बाजूच्यानं नाई म्हनाव का? त्याचे पोट्टे बिनलग्नाचेच राह्यतीन ना!"

मी प्रश्नावल्या तयार करण्यात हयात घालवली. आमची प्रश्नावली आणि सोयरिकीची चौकशी शब्दाला शब्द जुळते, हे मला कधी सुचलं नव्हतं.

पुढची गंमत मारोतरावांनी खिशातून काढून दाखवली. गावासाठी नवी विहीर आणि मोटर मागणारा अर्ज त्यांनी केला होता. तो परत आला होता. जनगणनेनुसार गावातील शंभर टक्के कुटुंबांना नळाद्वारे पाणी उपलब्ध, सबब मागणी अमान्य. आकडे शेवटी कोणीतरी वाचले होते, म्हणायचं.

"थे दुरुस्त करता येते का?"

"पुढच्या जनगणनेत."

"मंग कमीत कमी थे भिंत तरी पुसा," मारोतराव चिडून म्हणाले. मग लगेच माझा दंड धरला. "पन रविवारनंतर. रविवारी पाव्हने येऊन राह्यले."

अमर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वय तेहतीस, पदवीधर, व्यसन नाही, आणि आत्तापर्यंत अकरा ठिकाणांहून नकार. कारण कोणी तोंडावर सांगत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. या टेकावर पोरगी देणं म्हणजे तिच्या डोक्यावर जन्माचा गुंड देणं. बारावं स्थळ उमरखेडकडचं होतं. मुलीचं नाव निकिता. रविवारी तिचे वडील घनश्यामराव घर पाहायला येणार होते. मारोतरावांना सरपंच म्हणून भिंत पुसायची होती आणि बाप म्हणून ती आणखी ठळक करून हवी होती.

"तुमी रविवारी या," ते म्हणाले. "ग्रामसभा तवाच ठेवतो. सरकारी मानसानं वाचून दाखोलं म्हंजे आमचं बोलनं राह्यत नाई."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मैनाबाई दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या, आणि मनात आलं, आकडा आपला नाही, तो प्रकाशित झालेला आहे. आमच्यासारख्या माणसांना एवढा आडोसा पुरतो.

रविवारी भिंतीसमोर सतरंजी अंथरली होती. प्रत्येक तोटी घासून चकचकीत केलेली. बकरी हलवलेली. सरपंचांच्या अंगणातल्या तोटीखाली बादली ठेवली होती आणि ती भरलेली होती, ती कशी भरली हे विचारायचं काम माझं नव्हतं. घनश्यामराव चार माणसं घेऊन आले. सोबत निकिताही आली. मुलीने घर पाहायला येणं गावाला नवीन होतं, त्यामुळे थोडी कुजबुज झाली. उमरखेडला बसस्टँडजवळच्या दुकानात ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची, असं कळलं.

मी उभा राहिलो. घसा साफ केला. "जनगणनेनुसार," असं म्हणून मी दोनशे बारा नळ वाचले, दोनशे बारा स्वच्छतागृहं वाचली. प्रत्येक ओळीआधी 'जनगणनेनुसार' म्हटलं. घनश्यामरावांची मान हलत होती. सरकारी माणसाच्या तोंडून ऐकलं की सगळं खरंच वाटतं. अमर खाली मान घालून बसला होता. मारोतरावांनी पेढ्यांचा डबा जवळ ओढला.

"साहेब," निकिता म्हणाली. तिच्या हातात मोबाइल होता. "हे वेबसाइट तुमचीच हाय ना?"

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, भरून आलं. "हो. तुम्ही उघडलीत?"

"कालपासून पाहून राह्यले. भिंतीवर नाई अशे लय तक्ते हायेत याच्यात." तिने मोबाइल थोडा वर धरला आणि वाचलं. "टेंभरटेक. वय पंचवीस ते चाळीस. लग्न न झालेल्या बाया दोन. लग्न न झालेले मानसं त्रेपन्न." मग आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. "आमचं गाव याच्याहून मोठं हाय. तिथं अकराच हायेत. आन् तिथं नळ अर्ध्याच घरी हायेत. इथं सारं शंभर टक्के, मंग त्रेपन्न जन कायले राह्यले?"

तो तक्ता मीच वेबसाइटवर चढवला होता. वय आणि वैवाहिक स्थिती. कोणी पाहत नाही म्हणून भिंतीवर घेतला नव्हता.

मारोतराव माझ्याकडे पाहू लागले, जणू उत्तर माझ्या फायलीत असेल. मी फाइल उघडली आणि बंद केली. मला माझीच लाज वाटत होती.

बोलल्या त्या मैनाबाई. दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, तिथूनच बोलल्या. "पानी नाई, बाई. तोट्या हायेत, पानी नाई. सकाळी अकरा गुंड आनतो मी आन् संध्याकाळी पाच. माहे गुडघे गेले. सून आली का अर्धे तिच्या डोक्यावर जातीन, असंच माह्या मनात होतं. आता तुले पाह्यलं आन् बोलावसं वाटलं."

"मैना!" मारोतराव ओरडले. त्यांचा आवाज मध्येच फाटला. पेढ्यांचा डबा त्यांनी पायाने मागे सारला.

घनश्यामराव उठले. "चला," ते सोबतच्या माणसांना म्हणाले. निकिता मात्र मैनाबाईंकडे गेली. "मले विहीर दाखवा," म्हणाली.

आम्ही पुरुष सतरंजीवर बसून राहिलो. त्या दोघी उतारावरून खाली गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. अर्धा तास गेला. घनश्यामरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी दोघी वर आल्या, तेव्हा निकिताच्या डोक्यावर गुंड होता, चेहरा लाल झाला होता आणि खांदे भिजले होते. तिने गुंड अमरच्या समोर सतरंजीवर ठेवला.

"तुमी किती आनता?" तिने विचारलं.

अमरला प्रश्न कळलाच नाही. "मी?"

"हो. दिवसाचे किती?"

"इकडं मानसं नाई आनत पानी," तो म्हणाला. अगदी सरळपणे म्हणाला, जसं सूर्य उगवतो म्हणावं.

"कोनीच नाई?"

"नाई."

निकिताने पदवीधर अमरकडे पाहिलं, मग मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाकी पोरांकडे पाहिलं. "त्रेपन्न जन," ती म्हणाली. "हातापायानं धड. पोरी भेटत नाई म्हून बसून हायेत, आन् माय पानी आनून राह्यली." मग तिने वडिलांना म्हटलं, "चला बाबा."

जीप गेली. पेढे तसेच राहिले. त्या दिवशी मला टेंभरटेकात कोणी चहा दिला नाही.

महिन्याभराने वरच्या कार्यालयातून पत्र आलं की टेंभरटेकच्या भिंतीचा फोटो अहवालात लावलेला नाही. मोहीम यशस्वी झाल्याचा अहवाल तयार होता, फक्त फोटो राहिला होता. मी गेलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. भिंत तशीच होती, दोनशे बाराच्या दोनशे बारा. मी फोटो काढला आणि सरपंचांच्या घराकडे वळलो. माफी मागावी असं मनात होतं, ती कोणाची ते ठरत नव्हतं.

मैनाबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. या वेळेला त्यांना बसलेलं पाहीन असं वाटलं नव्हतं. "या जी," त्या म्हणाल्या. मारोतराव आतून आले, नव्या अर्जाची प्रत दाखवली. या वेळी कारणाच्या रकान्यात त्यांनी त्रेपन्न पोरांचा आकडा लिहिला होता. अर्ज परत आला होता. सदर बाब पाणीपुरवठ्याशी संबंधित नाही.

"अमर कुठे?"

"पान्याले गेला," मैनाबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं. हसू लपवत होत्या की काय, कळलं नाही. "पह्यले आठ दिवस सारं गाव हासलं त्याच्यावर. आता आनखी चार पोट्टे जातेत."

"आणि निकिता?"

"फोन करते रोज, याच टायमाले. लग्नाचं नाव नाई काढत. आज किती आनले, एवढंच इचारते."

तेवढ्यात अमर आला. खांद्यावर गुंड, शर्ट चिंब. त्याने गुंड टेकवला, धापा टाकत ओट्याच्या कडेला बसला, आणि खिशातला फोन वाजला. तो झटकन उभा राहिला, जसे आम्ही साहेबांच्या फोनला उभे राहतो.

"हो," तो म्हणाला. "सोळा. सारे मीच आनले." मग पलीकडचं ऐकलं. "हाय ना, इथंच बसली." त्याने फोन मैनाबाईंच्या पुढे केला. "तुले मागते."

मैनाबाईंनी फोन कानाला लावला. आधी पोराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "चौदा, बाई," त्या म्हणाल्या. "दोन मी आनले. सकाळी हा उशिरा उठला."

आमच्या खात्यात याला पडताळणी म्हणतात. नियमांत ती आहे, पण चौतीस वर्षांत मी ती होताना पहिल्यांदाच पाहिली. अमरचे कान लाल झाले. त्याने दोन रिकामे गुंड उचलले आणि पुन्हा उतारावरून खाली गेला.